टर्कीच्या शिकारीच्या शॉटगनवर नेमासाठी काय बसवावे: माशी, फायबर की रेड डॉट?

रानवाट (धागाकर्ता)

नमस्कार. मी पेनसिल्व्हेनियात राहतो. तीन वर्षांपूर्वी राज्याचे शिकारी-प्रशिक्षण पूर्ण करून परवाना घेतला आणि तेव्हापासून दर वसंतात रानटर्कीच्या मागे आहे. गेल्या मे महिन्यात जे घडले, त्यावरून हा धागा काढत आहे.

ओकच्या बुंध्याला पाठ टेकून बसलो होतो. समोर पंधरा यार्डांवर नकली मादी रोवलेली होती. उजाडल्यावर थोड्याच वेळात एक मोठा नर पिसारा फुलवत, पंख जमिनीला घासत तिच्या रोखाने आला. छातीवरून लोंबणारी दाढी स्पष्ट दिसत होती, त्यामुळे नर असल्याबद्दल शंका नव्हती. बारा यार्डांवर त्याने मान उंच केली, मी चाप ओढला आणि तो धडधाकट उडून गेला. जमिनीवर एक पीसही पडले नाही. बारा यार्डांवरून शॉटगनने चुकणे म्हणजे तुळशीला पाणी घालताना वृंदावन चुकण्यासारखे आहे, अशी तोवर माझी समजूत होती.

माझ्याकडे १२ गेजची पंप शॉटगन आहे. फेझंट पक्ष्यासाठी घेतलेली असल्यामुळे तिची नळी २८ इंची आहे, टोकाला नेम धरायला एकच पितळी माशी, म्हणजे छोटा मणी, आहे आणि टर्कीसाठी मी त्यात एक्स्ट्रा फुल चोक (छर्रे फार पसरू न देणारे, नळीच्या टोकाचे अरुंद तोंड) बसवतो. काडतूस टंगस्टनच्या ९ नंबरच्या छर्र्यांचे आहे. माझे वय ५१ असून प्रोग्रेसिव्ह चष्मा लावतो. दुकानात विचारले तर एकाने फायबर ऑप्टिक साइट सुचवली, दुसऱ्याने रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) आणि तिसऱ्याने कमी वर्धनाची दुर्बीण. कोणी कारणासहित सांगू शकेल का?

काटकोन

आधी तुम्ही का चुकलात हे पाहू, कारण उत्तर त्यातच आहे.

फेझंट उडत असतो. त्यासाठी छर्रे पसरायला हवे असतात आणि नेम धरण्यापेक्षा बंदूक पक्ष्याच्या पुढे फिरवण्याला महत्त्व असते. टर्की उभी असते आणि तिच्या अंगावर बार टाकायचा नसतो, कारण जाड पिसे आणि छातीचे मांस छर्रे अडवतात व पक्षी जखमी होऊन निघून जातो. लक्ष्य डोके आणि मान एवढेच, म्हणजे रुंदीला जेमतेम दीड-दोन इंच. तेवढ्यासाठी आपण चोक घट्ट करतो. ४० यार्डांवर १० इंची वर्तुळात १०० छर्रे बसावेत, हा इथल्या शिकाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. टंगस्टनची घनता शिशाच्या दीडपटीहून अधिक असल्यामुळे बारीक छर्रा वापरता येतो. एका औंसात ५ नंबरच्या शिशाचे सुमारे १७० छर्रे बसतात, तर ९ नंबरच्या टंगस्टनचे ३६०. त्यामुळे ४० यार्डांवर भरघोस नक्षी, म्हणजे छर्र्यांचा एकत्र ठसा, मिळते, पण हीच नक्षी बारा यार्डांवर मुठीएवढी असते. तिथे तुमच्या हातात शॉटगन नसते, जवळपास रायफलच असते, आणि रायफलवर नुसती माशी लावून कोणी जात नाही.

आता गणित. एकट्या माशीच्या बंदुकीत मागची साइट म्हणजे तुमचा डोळा. डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर ३६ इंच धरू. बारा यार्ड म्हणजे ४३२ इंच, म्हणजे त्याच्या बारा पट. गाल दस्त्यावरून पाव इंच उचलला गेला तर बार तीन इंच वर जातो आणि अर्धा इंच उचलला गेला तर सहा इंच. मुठीएवढी नक्षी सहा इंच वर गेली की ती डोक्यावरून निघून जाते. पक्षी नीट दिसावा म्हणून ऐन क्षणी मान वर काढणे ही टर्कीच्या शिकारीतली सगळ्यात जुनी चूक आहे. तुमचेही तेच झाले असावे.

माशीचे आणखी एक दुखणे आहे. तिचा व्यास आठांश इंच असेल, तर ४० यार्डांवर ती पाच इंच जागा झाकते. टर्कीचे डोके, मान आणि थोडी छाती तिच्यामागे गडप होते.

ओझार्कवासी

काटकोन यांचे गणित पटले, परंतु त्यातून रेड डॉटच घ्यावा असे निघत नाही, हे आधीच नोंदवतो, कारण चर्चा तिकडे वळणार हे दिसत आहे.

मी मिझुरीत आहे आणि वीसेक वर्षे टर्कीच्या मागे हिंडतो आहे. माझ्या बंदुकीवर मागे दोन हिरव्या ठिपक्यांची खाच आणि पुढे एक लाल ठिपका, अशी फायबर ऑप्टिक साइट आहे. दोन हिरव्यांच्या मध्ये लाल ठिपका आला की गाल आपल्या जागी आहे. मान उचलली की लाल ठिपका वर सरकलेला लगेच दिसतो. म्हणजे ही साइट नेम तर देतेच, शिवाय कान धरायचेही काम करते. ती खालीवर आणि डावीउजवीकडे सरकवता येते, तिला बॅटरी लागत नाही आणि बंदुकीची उंची वाढत नाही. झुडपांतून सरकताना हे शेवटचे फार सोयीचे पडते.

तिचे दोषही सांगतो. फायबर आजूबाजूचा उजेड गोळा करते. झुंजुमुंजूला, गर्द झाडीत, ती मंद असते आणि त्याच वेळी नर झाडावरून उतरतात. प्लास्टिकची ती काडी फांदीला अडकून तुटते. माझी दोनदा तुटली आहे, म्हणून खिशात नेहमी सुटा तुकडा आणि लायटर ठेवतो. काडीचे टोक लायटरने किंचित वितळवले की ते फुगते आणि घरात घट्ट बसते.

आणि एक विनंती. कोणतीही साइट असो, ती पक्षी ओळखण्यासाठी नसते. बंदूक उचलण्याआधी दाढी दिसली पाहिजे. नराचे डोके लाल, पांढरे आणि निळे होते, म्हणून जाणता शिकारी त्या रंगांचा रुमालसुद्धा रानात नेत नाही. झाडीत लाल काही हलले म्हणून कोणी ठिपका त्यावर नेऊन पाहू नये.

दृष्टिआड

मी डोळे तपासण्याच्याच व्यवसायात आहे, त्यामुळे वयाचा मुद्दा माझ्याकडे आला असे समजतो.

फायबर साइटमध्ये तीन गोष्टी तीन अंतरांवर असतात: मागची खाच, पुढचा ठिपका आणि पक्षी. चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग कडक होत जाते आणि जवळचे-लांबचे झटपट बदलणे त्याला जमत नाही. तिशीतल्या माणसाला ही ओढाताण जाणवत नाही, पन्नाशीतल्याला मागची खाच धुक्यात गेलेली दिसते. शिवाय प्रोग्रेसिव्ह चष्म्यात लांबचे पाहण्याचा भाग वर आणि वाचण्याचा खाली असतो. दस्त्यावर गाल टेकून पाहताना डोळा भिंगाच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून पाहतो. प्रोग्रेसिव्हच्या कडेला प्रतिमा वाकडी होते, आणि नेम धरताना डोळा नेमका त्या कडेशी असतो. रानात जाण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा साधा, मोठ्या काचांचा चष्मा करून घ्यावा. साइटवर पैसे घालण्याआधी हा खर्च करा, असे मी म्हणेन.

रेड डॉटमध्ये ठिपका पक्ष्याच्याच अंतरावर तरंगल्यासारखा दिसतो. डोळ्याने पक्षी पाहायचा, ठिपका आपोआप तिथे असतो. पन्नाशीच्या डोळ्यासाठी हा मोठाच दिलासा आहे. मात्र ज्यांना सिलिंडरचा नंबर आहे त्यांना गोल ठिपक्याऐवजी शेपटीचा धूमकेतू किंवा द्राक्षाचा घड दिसतो. अनेक जण साइट खराब आहे म्हणून परत करतात. परत करण्याआधी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून ठिपक्याचा फोटो काढावा. फोटोत तो गोल असेल तर दोष साइटचा नसून डोळ्याचा आहे. चष्म्यात सिलिंडरचा नंबर बरोबर असेल तर बहुतेक वेळा हा त्रास कमी होतो. तरीही राहिला तर प्रिझम साइट पाहावी. तिच्यात खूण काचेवरच कोरलेली असते आणि बॅटरी संपली तरी काळी दिसते. पण तिला डोळा ठरावीक अंतरावर लागतो.

तुमचा कोणता डोळा प्रबळ आहे हेही तपासा. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटे छिद्र करा, दोन्ही डोळ्यांनी त्यातून घड्याळाकडे पाहा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ छिद्रात दिसत राहते तो प्रबळ. उजव्या खांद्याला बंदूक आणि डावा डोळा प्रबळ असेल, तर नुसत्या माशीने बार भलतीकडे जातो.

शंकासुर

थोडे अवांतर विचारतो. मी एच-१बी वर आहे. मला अशी बंदूक हाताळता तरी येते का? ऑफिसातले लोक रेंजवर चल म्हणून मागे लागले आहेत.

काटकोन

शंकासुर, संघराज्याच्या कायद्यानुसार नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या व्यक्तीला बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे, मात्र अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार-परवाना जवळ असेल तर अपवाद आहे. ग्रीनकार्डधारकांना ही अट लागू नाही. राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत आणि चूक झाली तर थेट व्हिसाशी गाठ आहे, म्हणून रेंजवर जाण्याआधी वकिलाला विचारा. आता मूळ विषयाकडे.

दृष्टिआड यांच्या मुद्द्यात ठिपक्याच्या आकाराची भर घालतो. रेड डॉटचा आकार एमओए या मापात देतात. एक एमओए म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच. ३ एमओएचा ठिपका ४० यार्डांवर सव्वा इंच जागा झाकतो, म्हणजे डोक्याहून लहान राहतो. ६ एमओएचा अडीच इंच झाकतो आणि डोके पूर्ण गिळतो. पिस्तुलासाठी मोठा ठिपका लोकांना आवडतो, टर्कीसाठी मी २ किंवा ३ घेईन. वर्तुळ आणि मध्ये ठिपका अशी खूणही मिळते. नक्षी त्या वर्तुळाएवढीच पडेल असे मात्र कोणी समजू नये.

वर्धनाच्या दुर्बिणीबद्दल मी फारसा उत्साही नाही. १ ते ४ पट वर्धनाची असेल आणि ती एकवरच ठेवणार असाल तर चालते, पण मग तिचे वजन कशाला वाहायचे? चारपटीवर ठेवली आणि पक्षी आठ यार्डांवर झाडाआडून निघाला, तर काचेत नुसती पिसे दिसतात. शिवाय साडेतीन इंची मॅग्नम काडतुसाचा धक्का आणि डोळ्यापासून साडेतीन-चार इंचांवर असलेली धातूची कड यांची भेट भुवईवर होते. बुंध्याला टेकून, वेडेवाकडे वळून बार काढताना तर नक्कीच.

ओझार्कवासी

दुर्बिणीबाबत पूर्ण सहमत. माझ्या भुवईवर त्याचा दाखला आहे.

रेड डॉटबद्दल मात्र तीन गोष्टी सांगतो, कारण माझ्या मुलाच्या २० गेजवर तो आहे आणि मी त्याच्या शेजारी बसून पाहिले आहे.

एक, उंची. उंच पट्टीवर रेड डॉट बसवला की गाल दस्त्यावर टेकत नाही, हनुवटी टेकते, आणि मग प्रत्येक वेळी डोके वेगळ्या उंचीवर जाते. ठिपका शोधण्यात दोन सेकंद जातात. टर्कीची नजर आजूबाजूचे बहुतेक सगळे एकाच वेळी टिपते, तुमचे डोके डुगडुगले की खेळ संपला. साइट रिसीव्हरला (नळीमागचा, काडतूस भरण्याची यंत्रणा असलेला भाग) जितकी चिकटून बसेल तितकी बरी. मॉसबर्ग कंपनीच्या काही नव्या टर्की बंदुकांत रिसीव्हरमध्येच खाच असते, पट्टी लागत नाही. जुन्या बंदुकीला स्क्रूची छिद्रे नसतील तर ती गनस्मिथकडून, म्हणजे बंदुकीच्या कारागिराकडून, पाडून घ्यावी लागतात, किंवा रिसीव्हरवर खोगिरासारखा बसणारा माउंट लावावा लागतो.

दोन, आपोआप उजेड बदलणारी साइट घेऊ नका. आपण बसतो सावलीत, पक्षी असतो उन्हातल्या गवतात. साइटचा डोळा आपल्याकडचा अंधार मोजतो आणि ठिपका मंद करतो, आणि उन्हात तो दिसेनासा होतो. हाताने बदलता येणारी घ्या.

तीन, पाऊस. उघड्या प्रकारच्या साइटमध्ये प्रकाश टाकणाऱ्या दिव्यासमोर पाण्याचा एक थेंब किंवा पाइनची सुई पडली की ठिपका फुटतो किंवा नाहीसा होतो. मे महिन्यातल्या रानात या दोन्ही गोष्टींना तोटा नसतो. बंद डबीसारखी साइट थोडी जड आणि महाग असते, पण काच पुसली की काम चालू.

काटकोन

चौथी मी घालतो: स्क्रू. एका स्वस्त माउंटने मला ऐन हंगामात दगा दिला, आणि खरे सांगायचे तर दोष निम्मा माझा होता, कारण स्क्रूंना निळे थ्रेडलॉकर (स्क्रू ढिले होऊ न देणारा चिकट द्रव) लावले नव्हते. चार बारांनंतर साइट डुलायला लागली आणि मी मात्र चोकला शिव्या देत बसलो. स्क्रू तेलकट असतील तर आधी पुसावेत, थेंबभर थ्रेडलॉकर लावावे, कंपनीने सांगितलेल्या ताकदीनेच आवळावेत आणि पेनाने स्क्रू व माउंटवर मिळून एक रेघ मारून ठेवावी. रेघ तुटली की स्क्रू हलला.

रानवाट (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. आधी लांबच्या नंबरचा चष्मा करून घेतला. डोळा उजवाच प्रबळ निघाला. आमच्या गावच्या दुकानात बंद प्रकारचा, ३ एमओएचा, हाताने उजेड बदलणारा रेड डॉट घेतला आणि गनस्मिथने तो रिसीव्हरवर सपाट बसवून दिला. ओझार्कवासी यांची क्षमा मागतो, पण फायबरची मागची खाच नव्या चष्म्यातूनही मला धुरकटच दिसली.

आता शून्य कसे करायचे, म्हणजे ठिपका आणि बार एकाच जागी कसे आणायचे? टंगस्टनचा पाच काडतुसांचा डबा संपवला तर घरी जेवण मिळणार नाही.

ओझार्कवासी

क्षमा कसली, डोळा तुमचा आहे.

पहिले बार स्वस्त, हलक्या क्ले-पिजनच्या (उडत्या मातीच्या तबकड्यांवर मारायच्या) काडतुसांनी काढा. पंधरा यार्डांवर मोठा कागद लावा, मध्ये ठळक ठिपका काढा, बंदूक पिशवीवर टेकवा आणि नक्षी ठिपक्याभोवती आणा. खांदाही वाचतो. मग टंगस्टनकडे या, पण त्याचे किमान दोन-तीन बार काढावेच लागतील, कारण जड आणि हलकी काडतुसे एकाच जागी लागतील याची खात्री नसते. चोक बदलला तर पुन्हा पहिल्यापासून.

काटकोन

अंतराचे असे करा. साइट नळीच्या मध्यापासून समजा दोन इंच वर आहे. ४० यार्डांवर शून्य केले तर दहा यार्डांवर बार ठिपक्याच्या दीड इंच खाली लागेल. मी ३० यार्डांवर शून्य करतो आणि नेम डोक्यावर नाही, तर मानेवर, जिथे पिसे संपून उघडी लालसर कातडी सुरू होते तिथे धरतो. मग थोडे वर गेले तरी डोके आणि मानेचे मणके नक्षीत राहतात.

कागदावर सर्वांत दूरच्या छर्र्यांकडे पाहू नका. दाट गाभा कुठे आहे तो शोधून त्याचा मध्य धरा. साइटच्या स्क्रूची एक क्लिक एक एमओएची असेल तर २५ यार्डांवर ती पाव इंच सरकते. गाभा तीन इंच डावीकडे असेल तर उजवीकडे बारा क्लिक. स्थिर माशीच्या बंदुकीत हे करताच येत नाही. ती डावीकडे मारत असेल तर जन्मभर उजवीकडे धरत बसायचे.

रानवाट (धागाकर्ता)

रेंजवरून लिहितो आहे. ३० यार्डांवर पहिला टंगस्टनचा बार चार इंच डावीकडे आणि इंचभर वर.  क्लिक मोजून तेरा उजवीकडे, तीन खाली. दुसरा बार जवळपास मध्यावर. तिसरा ४० यार्डांवर टाकला, १० इंची वर्तुळ काढून छर्रे मोजले: १६२. मोजायला बायको आणि मुलगी दोघी बसल्या होत्या. मुलीने प्रत्येक छिद्राभोवती जांभळ्या पेनाने गोल केला आहे, त्यामुळे कागद आता फ्रिजवर लागला आहे.

दृष्टिआड

घरी खांद्याला बंदूक लावण्याचा सराव करा. रिकामी आहे हे दोनदा पाहून, डोळे मिटून गाल टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. ठिपका काचेच्या मध्यावर दिसला पाहिजे. दिसत नसेल तर दस्त्यावर गालासाठी पातळ गादी लावा, मान वाकवू नका. जमिनीवर बसून, गुडघ्यावर बंदूक ठेवूनही करा. आरशासमोर उभे राहून केलेला सराव तिथे उपयोगी पडत नाही.

रानवाट (धागाकर्ता)

हंगाम सुरू झाला. पहिला शनिवार, पहाटे. चंद्र मावळला होता आणि मी अंधारातच ठिपका चालू करून ठेवला, कारण नंतर हात हलवायचा नव्हता. ठिपक्याचा उजेड सातवर होता. गॅरेजच्या दिव्याखाली तो छान वाटला होता.

उजाडताना डावीकडून दोन माद्या आणि त्यांच्यामागे एक नर आला. बंदूक गुडघ्यावर होतीच, गाल टेकवला, ठिपका लगेच मिळाला, शोधावा लागला नाही. अंतर वीस यार्डांच्या आसपास. पण त्या करड्या उजेडात सातवरचा ठिपका म्हणजे निखारा झाला होता. त्याच्या लाल झगमगाटात नराचे डोके वितळून गेले. पिसे कुठे संपतात ते दिसेना. बोट बटणाकडे न्यावे तर एक मादी सरळ माझ्याकडे पाहत होती. तेवढ्यात दुसरी मादी नराच्या मागे, त्याच्या मानेच्या रेषेत येऊन उभी राहिली. चाप ओढला नाही. तिघेही निवांत चरत उतारावर निघून गेले.

ओझार्कवासी

मादी मागे असताना थांबलात ते उत्तम केले. आणि उजेड कितीवर ठेवणार पुढच्या शनिवारी?

रानवाट (धागाकर्ता)

दोनवर. आज पहाटे पाच वाजता परसात उभा राहून, साइट बंदुकीवरून काढून, नुसती हातात धरून शेजाऱ्याच्या मेपलच्या फांदीवर तपासली. तीनवर फांदीची कड हरवते, दोनवर स्पष्ट दिसते.